निकाल लागला, न्याय राहिला

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यानपिढ्या आहे. वेळ जातो, पैसा जातो, घरची अब्रू चव्हाट्यावर येते आणि अखेरीस हाती राहतो तो निकालाचा कागद, असा तिचा अनुभवसिद्ध अर्थ. नवराबायकोच्या तंट्यात तर ही म्हण अधिकच खरी वाटते. चार भिंतींच्या आड काय घडले याला त्रयस्थ साक्षीदार नसतो. असतात ते नोकरचाकर, नाहीतर एका पक्षाचे आप्त. एक बाजू मारहाणीची तक्रार करते, दुसरी म्हणते की हे सारे पैशासाठी रचलेले कुभांड आहे. यांतले खरे कोणते आणि खोटे कोणते, हे ठरविण्याइतके अवघड काम न्यायासनापुढे क्वचितच येत असेल.

परंतु या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. चढायचे ठरविले तर पायरी चढता येते, ही ती गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आपल्या न्यायपद्धतीचा मोठा अभिमान बाळगणाऱ्या इंग्लंडात, विवाहित स्त्रीला ती चढता येत नव्हती. तिच्यावर आळ घेता येत असे. पण त्या आळाला उत्तर देण्यासाठी तिला कोर्टात उभे राहता येत नसे. कॅरोलाईन नॉर्टन या लेखिकेच्या आयुष्यात १८३६ साली असा एक खटला उभा राहिला. आळ टिकला नाही; निकाल योग्य तोच लागला. आणि तरीही त्या निकालानंतर तिची मुले तिला दुरावली, घर गेले, लेखणीची कमाईसुद्धा कायद्याने तिची राहिली नाही. हे कसे घडले आणि त्यातून पुढे कायदा कसा बदलत गेला, हा इतिहास आजही विचार करायला लावणारा आहे.

मॅजिस्ट्रेटाचे घर

कॅरोलाईनचा जन्म १८०८ साली लंडनला झाला. प्रसिद्ध नाटककार रिचर्ड ब्रिन्स्ले शेरिडन हा तिचा आजोबा. घराणे नावाजलेले, पण हातात पैसा नाही. वडील १८१७ साली दक्षिण आफ्रिकेच्या केप वसाहतीत नोकरीवर असताना वारले. विधवा आईने मुलांना वाढविले, ते राजकृपेने मिळालेल्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातील बिऱ्हाडात. हुंडा देण्याची ऐपत नसलेल्या घरातील देखण्या, हजरजबाबी मुलीला पहिले बरे स्थळ आले की ते नाकारणे जड जाते. १८२७ च्या जुलैत, एकोणिसाव्या वर्षी, कॅरोलाईनचे लग्न जॉर्ज नॉर्टन या बॅरिस्टराशी झाले. तो पार्लमेंटचा सभासद होता आणि लॉर्ड ग्रँटली या सरदाराचा धाकटा भाऊ होता. म्हणजे थोरल्याला मुलगा नसल्यास पदवीचा वारस.

संसार सुखाचा झाला नाही. नॉर्टनला वकिलीत यश नव्हते आणि १८३० साली पार्लमेंटातील जागाही गेली. घर चालू लागले ते बायकोच्या कवितांवर, कादंबऱ्यांवर आणि मासिकांच्या संपादनावर. तिने पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे, लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्याचा हात तिच्यावर उठू लागला. एकदा त्याने तिच्या कुशीत लाथ मारली. एकदा चहाची तापलेली किटली तिच्या हातावर ठेवली. १८३५ साली मारहाणीनंतर तिचा गर्भपात झाला. एवढे होऊनही ती मुलांकडे पाहून पुनःपुन्हा त्याच घरी परतत राहिली. फ्लेचर, ब्रिन्स्ले आणि विल्यम हे तिचे तीन मुलगे.

या कथेतील एक विसंगती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बेकार नवऱ्याला काही जागा मिळावी म्हणून कॅरोलाईननेच त्या वेळचे गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांना पत्र लिहिले. मेलबर्ननी १८३१ साली नॉर्टनला लंडनच्या पोलीस कोर्टात मॅजिस्ट्रेट नेमले. पगार वर्षाला १००० पौंड. अशा रीतीने, घरी बायकोला मारणारा हा गृहस्थ दिवसा न्यायासनावर बसून, मारामारी आणि दंगेधोपे करणाऱ्या गोरगरिबांना शिक्षा सुनावू लागला. मेलबर्नचे नॉर्टनच्या घरी जाणेयेणे वाढले. त्याला नवऱ्याची हरकत नव्हती. किंबहुना त्या ओळखीचे फायदे त्याला हवेच होते.

नॉर्टनच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्यावर कर्ज होते, बायकोचा उच्चभ्रू समाजातील वावर खर्चाचा होता आणि तिची जीभ तिखट होती, हे तिने स्वतःही नाकारलेले नाही. त्या घरातील मारहाणीची जी हकीकत आज वाचायला मिळते, ती बहुतांशी तिच्याच लेखणीतून उतरलेली आहे. परंतु पुढे जे घडले ते एकट्या तिच्या शब्दावर अवलंबून नाही. ते कोर्टाच्या कामकाजात, पार्लमेंटच्या चर्चेत आणि कायद्याच्या पुस्तकांत नोंदलेले आहे.

दहा हजार पौंडांचा दावा

१८३६ च्या ईस्टरच्या सुमारास कॅरोलाईन बहिणीकडे गेली असता नॉर्टनने तिन्ही मुले घरातून हलविली आणि तिला घराचे दार बंद केले. धाकटा विल्यम तेव्हा अवघा अडीच-तीन वर्षांचा होता. त्यानंतर थोड्याच काळात त्याने लॉर्ड मेलबर्नवर दावा लावला. मेलबर्न आता इंग्लंडचे पंतप्रधान होते. दाव्याचे नाव होते 'क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन' आणि मागणी होती १०,००० पौंडांची.

हा दावा कसला, हे समजल्याखेरीज पुढची गोष्ट उमगणार नाही. परपुरुषाने आपल्या पत्नीशी संबंध ठेवून आपले नुकसान केले, सबब त्याने भरपाई द्यावी, अशी ही नवऱ्याची फिर्याद असे. वादी नवरा, प्रतिवादी तो परपुरुष. जिच्या अब्रूचा सारा प्रश्न, ती स्त्री या दाव्यात पक्षकारच नसे. तिला वकील देता येत नसे, साक्ष देता येत नसे, उलटतपासणी करविता येत नसे. शेताच्या बांधावरून दोघे भांडावेत आणि शेताला कोणी काही विचारू नये, तसा हा प्रकार होता.

याच्या मुळाशी इंग्लंडचा जुना सिद्धान्त होता. विवाहानंतर पती आणि पत्नी कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती होतात, असे सर विल्यम ब्लॅकस्टोन या पंडिताने १७६५ साली आपल्या ग्रंथात मांडून ठेवले होते. ही एक व्यक्ती म्हणजे व्यवहारात नवरा. पत्नीचे रोख धन, दागिने, कपडे, कमाई, सारे त्याचे. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, दावा लावता येत नसे. सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात (१०७६-११२६), चालुक्यांच्या कल्याणीत बसून विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली, तीत स्त्रीधन म्हणून पत्नीच्या मालकीची वेगळी मिळकत मानलेली आहे, आणि दुष्काळ, धर्मकार्य, आजार, बंदिवास अशा संकटाखेरीज नवऱ्याने तिला हात लावू नये असा निर्बंध आहे. ते धन प्रत्यक्षात किती जणींच्या हाती राहिले, हा प्रश्न वेगळा. पण इंग्लंडच्या सामान्य कायद्यात तेवढी कल्पनाही नव्हती. श्रीमंत घराण्यांना विश्वस्त नेमून मुलीची मिळकत राखण्याची खास सोय असे. बाकीच्यांना काही नाही.

२२ जून १८३६ रोजी वेस्टमिन्स्टर येथे मुख्य न्यायाधीश टिंडल यांच्यापुढे खटला चालला. कोर्ट खचाखच भरले होते. वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून चोवीस वर्षांचा चार्ल्स डिकन्स टिपणे घेत होता. नॉर्टनतर्फे सर विल्यम फॉलेट उभे होते, मेलबर्नतर्फे ॲटर्नी जनरल सर जॉन कॅम्बेल. पुरावा काय? कामावरून काढलेल्या नोकरांच्या जबान्या. त्यांतला महत्त्वाचा साक्षीदार एक दारूबाज कोचमन. खटल्यापूर्वी या मंडळींची बडदास्त नॉर्टनच्या थोरल्या भावाच्या गावी ठेवली गेली होती, हे उलटतपासणीत बाहेर आले. त्यांनी सांगितलेले प्रसंग बरेच जुने होते. मग इतकी वर्षे नवरा गप्प का राहिला, याला उत्तर नव्हते. मेलबर्नच्या हातच्या म्हणून काही चिठ्ठ्या वाचण्यात आल्या. अमुक वाजता येतो, एवढाच त्यांचा मजकूर. अशा निरुपद्रवी ओळींतून गूढ अर्थ काढण्याच्या वकिली कसबाची डिकन्सने पुढे 'पिकविक पेपर्स' या कादंबरीतील खटल्यात यथेच्छ टर उडविली.

कॅम्बेलना बचावाचा एकही साक्षीदार बोलवावा लागला नाही. रात्री उशिरा कामकाज संपले तेव्हा ज्यूरीने विचारविनिमयासाठी जागाही सोडली नाही. बसल्या जागीच त्यांनी निकाल दिला: दावा फेटाळला. राजकीय विरोधकांनी पंतप्रधानाला खाली खेचण्यासाठी नॉर्टनला पुढे केले, अशी त्या वेळी उघड चर्चा होती. ती खरी असो वा नसो, मेलबर्नचे पद टिकले आणि पुढे व्हिक्टोरिया राणीचे पहिले पंतप्रधान म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

आळ गेला, शिक्षा राहिली

स्यमंतक मण्याचा आळ श्रीकृष्णावर आला तेव्हा तो स्वतः रानात गेला, मणी शोधून आणला आणि भर सभेत आपले निर्दोषत्व सिद्ध केले. आळ पुसून काढण्यासाठी सामर्थ्य लागते, ते त्याच्यापाशी होते. लॉर्ड मेलबर्नपाशीही ते होते. कॅरोलाईनपाशी ते नव्हते. आणि म्हणून एकाच निकालाने दोघांना दोन निरनिराळी फळे दिली.

आरोप खोटा ठरल्याने नॉर्टनला घटस्फोट मिळू शकला नाही. पण त्यामुळे कॅरोलाईनही त्याच्याशी कायमची बांधली गेली. तेव्हा पूर्ण घटस्फोट मिळे तो पार्लमेंटात खास कायदा मंजूर करून घेऊन. त्याचा खर्च धनाढ्यांनाच झेपे, आणि १८५७ पूर्वीच्या साऱ्या काळात असा घटस्फोट फक्त चार स्त्रियांना मिळाला. चर्चच्या कोर्टातून क्रूरतेच्या कारणावरून वेगळे राहण्याची परवानगी मिळत असे. तोही मार्ग तिला बंद होता. मारहाणीनंतर ती नवऱ्याच्या घरी परतली होती. परतली म्हणजे तिने क्षमा केली, असे कायदा मानी. मुलांसाठी सोसलेले दुःख तिच्याविरुद्धचा पुरावा ठरले.

आणि मुले? ती बापाची. आईला त्यांच्यावर कायद्याने कसलाही हक्क नव्हता. ती निर्दोष ठरली काय किंवा दोषी ठरली काय, यात फरक पडत नव्हता. नॉर्टनने मुले नातेवाइकांकडे आणि पुढे स्कॉटलंडात ठेवली. पैशाच्या वाटाघाटीत मुलांची भेट हे त्याच्या हातातले हुकमाचे पान झाले. तिचे कपडे, दागिने, पुस्तके, कागदपत्रे त्याच्या घरात अडकून पडली, कारण कायद्याने ती त्याचीच होती. १८३८ साली एका नियतकालिकाने तिच्यावर गलिच्छ हल्ला चढविला. अब्रुनुकसानीचा दावा लावू म्हटले, तर विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दावा लावता येत नव्हता. तो तिच्या वतीने नवऱ्याने लावायचा!

म्हणजे ज्या माणसाने आळ घेतला, त्याच्याच परवानगीने आळाचे निवारण व्हायचे. खोटा आरोप सिद्ध न होताही कसा जिंकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

लेखणीचा आधार

कोर्टात तोंड उघडण्याची मुभा नव्हती. पण कागदावर लिहिण्याची होती. कॅरोलाईनने आई आणि मूल यांच्या ताटातुटीच्या कायद्यावर पत्रके लिहून खासदारांत वाटली. एक पत्रक तिने 'पिअर्स स्टीव्हन्सन' या पुरुषी नावाने काढले, कारण बाईच्या नावाने लिहिले तर मुद्द्याऐवजी बाईचीच चर्चा होते, हे तिला कळून चुकले होते. टॉमस नून टाल्फोर्ड या वकील-खासदाराने विधेयक आणले. १८३८ साली लॉर्डांच्या सभेने ते फेटाळले. १८३९ साली ते मंजूर झाले. सात वर्षांखालील मुलांचा ताबा आणि त्याहून मोठ्या मुलांची भेट मिळावी, असा अर्ज करण्याची सोय आईला प्रथमच मिळाली. अट ही की, तिच्यावर व्यभिचार शाबीत झालेला नसावा.

हा कायदा जिच्या धडपडीने झाला, तिला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. मुले स्कॉटलंडात होती आणि तेथे इंग्लंडच्या कोर्टाचा हुकूम चालत नव्हता. १८४२ साली धाकटा विल्यम घोड्यावरून पडला. जखम चिघळली. आईला निरोप गेला, ती निघाली. पण पोहोचण्यापूर्वीच मुलगा गेला होता. तो नऊ वर्षांचा होता. त्यानंतरच नॉर्टनने उरलेल्या दोन मुलांना आईकडे मोकळेपणी जाऊ दिले.

पैशाचे भांडण संपले नव्हते. १८४८ साली दोघांत लेखी ठरले की, नॉर्टनने तिला वर्षाला ५०० पौंड द्यावेत आणि त्याच्या बदल्यात तिच्या विश्वस्त निधीवर पैसे उभारण्यास तिने संमती द्यावी. तिने संमती दिली. त्याने पैसे उचलले. पुढे तिची आई वारली आणि तिच्या नावे वार्षिक उत्पन्न ठेवून गेली. मेलबर्ननीही मृत्यूपूर्वी तिच्यासाठी थोडी तरतूद केली होती. हे कळताच नॉर्टनने ठरलेली रक्कम थांबविली. तिने तोड शोधली ती अशी की, देणेकऱ्यांना सांगितले, बिले नवऱ्याकडे पाठवा, तो देत नसेल तर फिर्याद करा. १८५३ च्या ऑगस्टात गाडीच्या दुरुस्तीचे एक बिल वेस्टमिन्स्टरच्या काउंटी कोर्टात आले.

या वेळी कॅरोलाईन साक्षीदार म्हणून कोर्टात उभी राहिली. समोर नवरा. प्रश्न गाडीच्या बिलाचा. पण नॉर्टनने सतरा वर्षांपूर्वीचा मेलबर्नचा विषय पुन्हा उकरून काढला. मेलबर्न तर १८४८ सालीच वारले होते. तिचे बँकेचे हिशेब कोर्टात आणविले गेले, तिच्या प्रकाशकांनाही समन्स गेले; कारण तिच्या पुस्तकांचा मोबदला कायद्याने नवऱ्याचाच होता. आणि तो १८४८ चा करार? नवराबायको एकच व्यक्ती. माणूस स्वतःशीच करार कसा करील? सबब नॉर्टनवर तो बंधनकारक नव्हता. बिलाचा दावा फसला. आपल्याला हक्क मुळी नाहीतच, आहेत ते केवळ अन्याय, अशा अर्थाचे तिचे त्या दिवशीचे उद्गार वृत्तपत्रांतून सर्वत्र पोहोचले. त्यानंतर नवराबायकोची पत्रे 'टाइम्स'मध्ये छापून येऊ लागली आणि साऱ्या देशाने हे भांडण वाचले.

१८५४ साली तिने इंग्लंडच्या स्त्रीविषयक कायद्यांवर पुस्तक लिहिले आणि १८५५ साली राणीला उद्देशून जाहीर पत्र प्रसिद्ध केले. तिची मागणी आजच्या वाचकाला मवाळ वाटेल. स्त्रीपुरुष समान आहेत असे आपले म्हणणे नाही, असे ती स्पष्ट म्हणे. कायद्याने दुबळ्याला संरक्षण द्यावे, एवढेच तिचे मागणे. परंतु तिच्या हाती तत्त्वज्ञान नसले तरी हिशेब होता: किती मिळविले, कोणी नेले, कोणत्या कलमाने नेले.

१८५७ च्या विवाहविषयक कायद्याने घटस्फोट चर्चच्या आणि पार्लमेंटच्या हातून काढून दिवाणी कोर्टाकडे सोपविला. टाकून दिलेल्या स्त्रीची कमाई तिची स्वतःची राहावी, विभक्त पत्नीला करार करता यावा आणि दावा लावता यावा, तिची पोटगी विश्वस्तामार्फत देता यावी, या तरतुदींमागे तिच्या लेखनाचा ठसा होता. 'क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन'चा स्वतंत्र दावाही त्याच कायद्याने बंद झाला. पण पुरुषाला पत्नीचा व्यभिचार हे एकच कारण पुरे, तर स्त्रीने नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करायचे, हा दुजाभाव कायम राहिला. व्यभिचाराच्या खटल्यात पतिपत्नींना साक्ष देण्याची मुभा तर १८६९ साली मिळाली. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी विवाहित स्त्रीची कमाई आणि मिळकत अखेर तिची झाली.

नॉर्टन १८७५ साली मेला. थोरल्या भावाच्या पदवीची आयुष्यभर वाट पाहिलेला हा मनुष्य त्या भावाच्या आधी काही महिनेच गेला. कॅरोलाईनने १८७७ च्या मार्चमध्ये सर विल्यम स्टर्लिंग-मॅक्सवेल या जुन्या स्नेह्याशी विवाह केला आणि त्याच जूनमध्ये ती निवर्तली. मृत्यूनंतरही किटाळ सुटले नाही. १८८५ साली जॉर्ज मेरेडिथच्या 'डायना ऑफ द क्रॉसवेज' या कादंबरीत तिच्यावरून बेतलेली नायिका मंत्रिमंडळाचे गुपित वृत्तपत्राला विकते, असे दाखविले गेले. ती अफवा निराधार असल्याचा खुलासा पुढच्या आवृत्त्यांत छापावा लागला. याच्या उलट एक गोष्ट अशी की, डॅनियल मॅक्लीज या चित्रकाराने लॉर्डांच्या सभागृहात न्यायदेवतेचे भित्तिचित्र काढले, त्यासाठी त्याने चेहरा घेतला होता तो कॅरोलाईन नॉर्टनचा.

तेथून येथवर

ही इंग्लंडची कथा हिंदुस्थानातही पोहोचली, कारण कायद्याची पुस्तके बोटीतून इकडे आली. १८६९ चा भारतीय घटस्फोटाचा कायदा ख्रिस्ती विवाहांसाठी झाला, तो इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावर बेतलेला. पत्नीच्या जारापासून भरपाई मागण्याचा नवऱ्याचा हक्क त्यात होता; तो २००१ साली वगळण्यात आला. गोव्यात मात्र वेगळी वाट होती. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता तेथे १८७० पासून लागू झाली आणि विवाहापूर्वी निराळा करार नसेल तर मिळकत दोघांची सामाईक ठरली. कारभार मात्र पतीच्याच हाती राहिला.

कॅरोलाईनची बहीण हेलन हिचा मुलगा लॉर्ड डफरिन १८८४ ते १८८८ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. नेमक्या त्याच वर्षांत मुंबईच्या हायकोर्टात दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला गाजला. अकराव्या वर्षी झालेल्या लग्नाच्या जोरावर नवरा बायकोला नांदायला बोलावीत होता आणि ती नाकारीत होती. तेथेही पैशाचे आरोप दोन्हीकडून झाले. एक बाजू म्हणे की मुलीची मिळकत हातची जाऊ नये म्हणून आप्तांनी तिला फितविले, दुसरी म्हणे की नवऱ्याचा डोळा त्या मिळकतीवर आहे. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैदेत जा, असा हुकूम केला. नांदविण्याचा हा दावा मुळात इंग्लंडच्या चर्च कोर्टांतून आलेला, आणि खुद्द इंग्लंडने त्यासाठीची कैद १८८४ सालीच रद्द केलेली! १८८८ साली २००० रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली.

स्वतंत्र भारतात १९८३ साली पत्नीच्या छळाबद्दल दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनी घेतली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने राहते घर, निर्वाहाचा पैसा आणि मुलांचा ताबा यांसाठी दाद मागण्याचा मार्ग दिला. या कलमांचा दुरुपयोग होतो, निरपराध सासूसासऱ्यांना गोवले जाते, अशीही तक्रार आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात, केवळ तक्रार आली म्हणून अटक करू नये, आवश्यकता तपासून कारणे नोंदवावीत, असे बजावले. आणि नागपूरहून गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात २०२० साली असे ठरविले की, पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपापली मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगावीत.

या नियमांतील वाद संपलेले नाहीत आणि संपणारही नाहीत. पण नॉर्टन खटल्याच्या शेजारी ते ठेवून पाहिले म्हणजे त्यांचा हेतू स्पष्ट होतो. खोटी तक्रार करणारी बाई जगात नसेल, असे कोणी म्हणू शकत नाही. तसा खोटा आळ घेणारा नवराही असतो, आणि १८३६ साली तो स्वतः मॅजिस्ट्रेट होता. खोट्यावर उतारा म्हणजे तक्रारीचे दार बंद करणे नव्हे आणि तक्रार हाच पुरावा मानणे हाही नव्हे. दोघांना साक्ष देता आली पाहिजे, दोघांचे हिशेब उजेडात आले पाहिजेत, आणि निकाल लागेपर्यंत कोणाचेही मूल, घर किंवा भाकर हे दुसऱ्याच्या हातचे हत्यार होता कामा नये. वेस्टमिन्स्टरच्या त्या ज्यूरीने एका रात्रीत सत्य ओळखले. पण ते ज्या स्त्रीविषयी होते, तिच्यापर्यंत पोहोचायला त्याला आणखी चौतीस वर्षे आणि कितीतरी कायदे लागले.